बाप्पाची टाकी आणि जर्मन ओक

शनिवार, ११ फेब्रुवारी १९८४

सकाळी गायधनी येऊन गेले. व्याख्यानमालेचे चिटणीस. दर वर्षी मला बोलावतात आणि दर वर्षी आधी येऊन घाबरवून जातात. बशीत चहा ओतत म्हणाले, "प्रमिलाबाई, यंदा जरा प्रसन्न विषय घ्या." मागच्या मे महिन्यातल्या माझ्या भाषणानंतर दोन देणगीदार रुसले, ते अजून रुसलेलेच आहेत म्हणे.

म्हटलं, घ्या. जर्मन साहित्यातलं अरण्य.

म्हातारा खुलला. "वा! झाडं, झरे, पक्षी. यात काही भानगड नाही."

भानगड नाही. म्हणजे यांनी जर्मनांचं काही वाचलेलं नाही. ते गेल्यावर आई म्हणाली, "किती खूश होऊन गेला गं तो. कशाला फसवतेस?" मी फसवलं नाही. अरण्य म्हणाले, अरण्यावरच बोलणार आहे.

रविवार, १९ फेब्रु.

हेल्गाबाईंकडे क्लास. चार वर्षं झाली जर्मन शिकतेय. अनुवादाचा अनुवाद वाचून वाचून वैतागले होते म्हणून सुरू केलं. बाकीचे विद्यार्थी म्हणजे सातपूरच्या एका कंपनीतली पोरं, ट्रेनिंगला जर्मनीला जायचंय म्हणून येतात. त्यांना सुट्या भागांच्या नावांपलीकडे भाषा नको. हेल्गाबाईंचा नवरा त्याच कंपनीत जर्मन भागीदारांचा इंजिनिअर. माझा धाकटा भाऊ अशोकही तिथेच, धातूला मुलामा देतात त्या प्लेटिंग खात्यात. इंजिनिअर बंगल्यात, अशोक टेम्पररी. असो.

आज गेले तर बाई रडत होत्या. गावाकडून मासिक आलंय, त्यात त्यांच्या डोंगरातल्या जंगलाचे फोटो. देवदारासारखी उंच झाडं, शेंडे उघडे, पानं तपकिरी. कारखान्यांचा धूर ढगात जातो आणि आंबट पाऊस होऊन खाली येतो. त्यांच्या भाषेत या प्रकाराला एक अख्खा शब्दच तयार झालाय, मराठीत मी अरण्यमरण म्हणेन. हे.चे वडील वनखात्यात होते. म्हणाल्या, "झाडं मरत नाहीत प्रमिला, माझे वडील दुसऱ्यांदा मरतायत."

मला खरोखर गलबलून आलं. आणि त्याच वेळी डोक्यात सातपूरचा नाला. कंपनीच्या मागून निघतो, वत्सलामावशीच्या वस्तीवरून जातो आणि पुढे नासर्डी नदीला मिळतो. विचारणार होते. रडणाऱ्या बाईला काय विचारायचं, म्हणून गप्प बसले. आता घरी येऊन स्वतःवरच चिडलेय.

रविवार, ४ मार्च

मावशीकडे. विहीर नाल्याच्या अगदी काठाला. नाल्याचं पाणी आज पिवळं होतं, कडेला हिरवट साय. मावशीच्या दोन्ही हातांची सालं निघालीत.

"पिवळं आलं की समजायचं, कंपनीची पाळी सुटली," मावशी म्हणाली. जशी काही एस.टी.च सुटली.

"तक्रार केली का?"

"केली की. ग्रामपंचायत म्हणते कंपनीत जा. कंपनीत गेलो तर वॉचमन म्हणतो, तुमचा भाचाच आत कामाला हाय, त्यालाच इचारा."

मग भाच्याला विचारलं. जेवताना. अशोक ताटातून वर बघेना. "ताई, तू यात पडू नकोस. जूनमध्ये कायम करणार आहेत."

पाच वर्षं हेच. काही महिने काम, मग ब्रेक. पुन्हा घेतात, पुन्हा ब्रेक. सलग दिवस भरू द्यायचे नाहीत, म्हणजे हक्क सांगता येत नाही. जून, जून, जून. सव्वीस वर्षांचा झाला.

बुधवार, ७ मार्च

आज अशोक बोलला. आणि जे बोलला ते ऐकून आधी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

टाकी आहे! जर्मनीतून आलेल्या नकाशात होती, तशी बांधलीय. प्लेटिंगचं पाणी टाकीत सोडायचं, चुना घालायचा, गाळ बसला की वरचं पाणी नाल्यात. साधी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी टाकी बांधून झाली तेव्हा पावसाळा होता, यंत्रं यायची होती. टाकी पावसाच्या पाण्याने भरली. तेवढ्यात गणपती. कंपनीचा गणपती गोदावरीवर न्यायचा तर ट्रक गेटातच चिखलात रुतला. कुणीतरी म्हणालं, हे काय पाणी समोर आहे. मोरया करून टाकीत विसर्जन.

पुढे यंत्रं आली, सुपरवायझर कॉक फिरवायला गेला, तर सगळं खातं टाकीभोवती उभं. "बाप्पा गेलेत त्या पाण्यात अॅसिड सोडता?" कॉक बंद. साहेब म्हणाले, ठीक आहे, तात्पुरतं थेट नाल्यात सोडा.

ते तात्पुरतं अजून चालू आहे. अशोकसारखंच.

आता त्या टाकीला निळ्या फरशा आहेत, कठडा आहे, आत कमळं सोडलीत. गाळ बसवायची टाकी, तिच्याकडे जाताना चपला काढायच्या!

"हसू नको," अशोक म्हणाला. "मीपण काढतो. नाही काढल्या तर दिसतं."

हसू तिथेच संपलं. आमच्या आजोबांना देवळाच्या दारातल्या कुंडापाशी उभं राहून मार खावा लागला, पाणी बाटतं म्हणून. नातू आता कारखान्यात चपला काढतो, पाणी बाटू नये म्हणून. आणि जे खरोखर बाटलेलं पाणी आहे ते मावशीच्या विहिरीत.

रविवार, १८ मार्च

विचारलंच हे.ला. त्यांना टाकीचं सगळं माहीत आहे! नवऱ्याने मुख्य कचेरीला कळवलं होतं. तिकडून उत्तर आलं, स्थानिक श्रद्धांचा आदर राखा.

आदर! यांच्याकडे झाडाचा शेंडा वाळला तर लाखो माणसं रस्त्यावर. इकडे माणसाची कातडी सोलली तर आदर.

हे. म्हणाल्या, "खरं सांगू? मला ती टाकी आवडते. निळी, शांत. आमच्या गावात एक जुना ओक वृक्ष होता, लोक जाता-येता त्याला हात लावायचे. निसर्ग कुठेतरी पवित्र असलाच पाहिजे, नाहीतर तो वाचणार नाही."

"आणि नाला?"

"नाला मी पाहिलेला नाही."

धड्याचं पुस्तक मिटून उठून आले. पोरं बघतच राहिली.

गुरुवार, २९ मार्च

भाषणासाठी टिपणं काढतेय. कॉलेजचे पेपर तपासायचे पडलेत, पडू देत.

त्यांच्या परीकथांतलं अरण्य. मुलं हरवतात, शहाणी होऊन परत येतात. चांगलं आहे. मग ते हळवे कवी. एकटेच रानात जातात, उसासे टाकतात, चंद्र बघतात. मी यांच्यावर जीव टाकत आले, अजूनही टाकते. पण त्या रानात हे एकटे होते का? कोळसा पाडणारा होता. काटक्या वेचणारी म्हातारी होती. कवितेत ती दिसत नाही, कोर्टात दिसते. वाळक्या काटक्या वेचणं हा त्याच देशात गुन्हा ठरला.

मग शास्त्र आलं. झाडं ओळीत, एका जातीची, कवायतीला उभी केल्यासारखी. आणि आपलं वनखातं उभं करायला इंग्रजांनी कोण आणले? जर्मन साहेब. पेठ-सुरगाण्याच्या सागाच्या ओळी बघताना हे कुणाला सुचतं का? तिथला माणूस स्वतःच्या रानात चोर ठरला तो या विद्येमुळे.

आणि मग त्या हुकूमशहाचं बारा वर्षांचं राज्य. पाखरांसाठी, झाडांसाठी छान छान कायदे. शुद्ध माती, शुद्ध रान, शुद्ध रक्त. एका टेकडीवरचं बीच नावाच्या झाडांचं रान तोडून कैद्यांची छळछावणी केली, छावणीला नावही त्याच झाडांचं दिलं. पण एक ओक ठेवला. का? तर त्यांचा थोर कवी त्याच्या सावलीत बसायचा अशी आख्यायिका. कुंपणाच्या आत ओक जपला आणि त्याच्याभोवती माणसं मारली.

पुस्तक मिटून बसले. आईने विचारलं काय झालं. सांगितलं. आई म्हणाली, "झाडाला काय माहीत, आपल्याला कुणासाठी ठेवलंय."

पण हेही लिहून ठेवते, नाहीतर रागात अन्याय होईल. हे सगळं मला कुणी सांगितलं? जर्मनांनीच. त्यांच्याच लेखकांनी स्वतःच्या लाडक्या रानाची अशी चिरफाड केली. आणि आज त्याच भाषेत शेतकरी, विद्यार्थी, घरातल्या बायका कारखान्याच्या दारात उभ्या राहून विचारतायत, नळीतून काय सोडता. झाडावर प्रेम करायचं तर धुराड्याकडे बघावं लागतं, हे त्यांना फार मोल देऊन कळलं. आपल्याला फुकटात मिळतंय तर घ्यायला नको?

शनिवार, १४ एप्रिल

जयंतीची भाषणं. कॉलनीत सकाळी, संध्याकाळी गावात. आवाज गेला. उद्या देवळ्याला. देवळ्याचे लोक म्हणतात, बाई कांद्याच्या भावावर पण बोला. सगळ्यावर बोलते मी. मीठ-पाण्याच्या गुळण्या.

रविवार, २२ एप्रिल

अशोकशी भांडण. मी टाकीवर बोलणार हे त्याला मावशीकडून कळलं. तिला अख्खी वस्ती घेऊन भाषणाला यायचंय.

"ताई, मंडप कंपनी देतेय यंदा. पहिल्या रांगेत आमचे साहेब बसणार. जून दीड महिन्यावर आहे."

"मी कंपनीचं नाव घेणार नाही."

"नाव कशाला घ्यायला पाहिजे? टाकीला कमळं असलेली कंपनी सातपुरात अजून कुठली आहे?" मग म्हणाला, "तिकडचं जंगल मेलं की पुस्तकं निघतात. माझी नोकरी गेली की काय निघणार? तुझं भाषण?"

आई म्हणाली, "दोघंही जेवा आधी."

शनिवार, १२ मे

झालं.

आधी मंडप. अरण्यावर भाषण म्हणून गायधनींनी स्टेज सजवलं होतं. आंब्याच्या, जांभळाच्या ताज्या तोडलेल्या फांद्या, भारेच्या भारे. "बघा, अरण्यच उभं केलंय!" कपाळावर हात मारावासा वाटला. तोडलेल्या जांभळाला कच्ची फळं तशीच लटकत होती.

पहिला अर्धा तास लोक डोलत होते. परीकथा, कवी, चंद्र. गायधनी खुर्चीत सुखावलेले. मग काटक्या वेचणारी म्हातारी आणली. मग सुरगाणा. मग ओक. हे. दुसऱ्या रांगेत होत्या, मान खाली. मावशी आणि वस्तीतल्या बायका मागे सतरंजीवर.

मग म्हटलं, तो ओक इथून लांब नाही. इथे एक टाकी आहे.

गायधनींची पहिली चिठ्ठी आली, "वेळ संपत आली". मी बोलतेय. दुसरी चिठ्ठी. तिच्यावर एकच शब्द, "प्रसन्न!"

टाकी सांगितली, कमळं सांगितली, चपला सांगितल्या. नाला सांगितला. म्हटलं, एका चौकोनाला पवित्र म्हणायचं म्हणजे बाकी सगळ्या जमिनीवर थुंकायची मोकळीक घ्यायची. पवित्र करायचं असेल तर नाला करा. चपला तिथे काढा. मग बघू कोण अॅसिड सोडतं.

टाळ्या. खूप टाळ्या. आणि मग अध्यक्ष उठले, निवृत्त प्राचार्य, म्हणाले, "बाईंनी समारोपात टाकीचं जे रूपक योजलं ते केवळ अप्रतिम."

रूपक!!

रविवार, १३ मे

पेपरात मथळा: जर्मन अरण्याची रम्य सफर. टाकी नाही, नाला नाही. फोटोत मी आणि फांद्या. इतकी ओरडले भाषणात, काय उपयोग.

मंगळवार, १५ मे

उपयोग झाला, पण भलताच. साहेब नाही चिडले. कामगार चिडले. पोपटराव म्हणून युनियनचे पुढारी आहेत, मखमलाबादकडचे, ते सहकुटुंब भाषणाला आले होते. खात्यात बोलणं पसरलं, अशोकच्या बहिणीने बाप्पाच्या टाकीला गटार म्हटलं.

नाही म्हटलं मी. गटाराला गटार म्हटलं.

अशोक घरी आला, डबा ओट्यावर ठेवला. आईने उघडला तर अर्धा भरलेला. रोज चौघांत खातात ते, याची चटणी संपवायला मारामारी असते.

"आज कुणी माझ्या डब्यात हात घातला नाही," अशोक म्हणाला. एवढंच. मोरीत जाऊन तोंड धुतलं बराच वेळ.

उरलेली चटणी आईने खाल्ली.

गुरुवार, १७ मे

कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर, खेर, कॉलेजात भेटायला आले. गोड माणूस. इतका गोड की मुंग्या लागाव्यात.

"मॅडम, आम्ही तर तुमच्याच बाजूचे. आजच्या आज सोडतो पाणी टाकीत. पण कामगारांच्या भावना! तुम्ही या ना, पाच जूनला पर्यावरण दिन असतो, कँटीनमध्ये बोला. त्यांना पटवा. ते हो म्हणाले की दुसऱ्या दिवशी कॉक फिरवतो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"मग आमचा नाइलाज." हसले. "अशोकचंही जूनमध्येच आहे ना काहीतरी? चांगला मुलगा आहे. पण खात्यात वातावरण बरं पाहिजे. कायम माणूस म्हणजे घरचा माणूस."

सगळं गोड आवाजात. तीन वर्षं यांना चुन्याची पोती वाचली, भावना कामगारांच्या आणि फायदा यांचा. तोंडावर म्हटलं तसं. म्हणाले, "तुमचा आवेश मला फार आवडतो."

रविवार, २० मे

हे. नाशिक रोडला आमच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. आई गच्चीवर कुरडया घालत होती, तिथेच बसल्या.

नाला बघून आल्या. नवऱ्याला सोबत नेलं होतं. तो काठावर उभा राहून म्हणाला, माझ्या नकाशात टाकी आहे. त्यावरून घरात दोन दिवस अबोला.

मग म्हणाल्या, "पण तू तो ओक का सांगितलास? मी तुला कविता शिकवल्या. तू त्यातून हे काढलंस."

"कवितेच्या पुढच्या पानावरच होतं."

बाई कुरडयांकडे बघत म्हणाल्या, "माझे वडील त्या बारा वर्षांत वनखात्याच्या गणवेशात होते. झाडांना नावाने ओळखायचे. शेजारचं एक कुटुंब एके दिवशी नाहीसं झालं, त्यांचं नाव वडिलांनी पुन्हा कधी घेतलं नाही. मी कधी विचारलं नाही."

आईला भाषा कळत नव्हती, पण तिने ओल्या चिकाची वाटी बाईंच्या हातात दिली. बाईंनी खाल्ला. मीठ जास्त झालंय म्हणाल्या. झालं होतं.

मंगळवार, ५ जून

कँटीन. दुपारची पाळी सुटायची आणि पुढची लागायची त्या मधल्या वेळात. चहाची पिंपं, घामाचा आणि अॅसिडचा वास. खेर माइक हातात घेऊन खेळतायत. अशोक पिंपापाशी, भिंतीला टेकून.

जर्मनी काढलंच नाही. सरळ विहीर सांगितली. हातांची सालं सांगितली. तुमच्या सगळ्यांची घरं नाल्याच्या वरच्या अंगाला आहेत का, विचारलं.

मग पोपटराव उठले. पांढऱ्या मिशा, गळ्यात मफलर, जूनमध्येसुद्धा.

"ताई, भाषण लय भारी. मागलं बी भारी होतं, आमची मंडळी रडली त्या झाडाच्या गोष्टीला. पण चार लोकांत तुमी आमच्या बाप्पाला नाव ठिवलं का नाय?"

"बाप्पाला नाही ठेवलं. तुम्हाला ठेवलं."

हशा. पोपटरावही हसले. "आमाला ठिवा. आमी काय, माणसं. हे बघा, आमाला कळत नाय असं नाय. नाल्याच्या कडंला माझी बी चुलती हाय. त्या येळेला कॉक आडवला तो रागात आडवला, साहेबांनी मग परत कुणी इचारलंच नाय. इचारायचं काम साहेबाचं." खेरांकडे बघून. खेर पाणी प्यायले. "देवाला रीतसर निरोप देऊ. पूजा करू, कमळं उचलू, गोदावरीत सोडू. मग सोडा पाणी टाकीत. यंदापासनं गणपती नदीवर. सगळ्यांना कबूल?"

"कबूल!" अख्खं कँटीन.

मला विश्वास बसेना. तीन वर्षं अडलेलं घोडं एका चहात सुटलं. माइकवर जाऊन आभार मानणार, तेवढ्यात पोपटराव म्हणाले, "फकस्त नारळ तुमी फोडायचा."

म्हटलं, मी बौद्ध आहे. तेरा वर्षांची असताना दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. मी हे करत नाही.

"पूजा भटजी करंल. तुमी निस्ता नारळ. ज्यानं नाव ठिवलं त्यानं निरोप द्यावा, एवढंच. मंग आमच्या मनात काय राहणार नाय. अशोकबद्दल बी."

मागून कुणीतरी ओरडलं, "नाय फोडायच्या त्या! बाप्पाचा नारळ त्यांना बाटवतो!"

पुन्हा हशा. त्या हशात मी उभी. अशोकने मान वर केली नाही.

खेर माइकवर, "उत्तम तोडगा! शनिवारी सकाळी. आणि त्याच गोड कार्यक्रमात काही जणांच्या कायम झाल्याच्या ऑर्डरी पण देऊ."

बुधवार, ६ जून

झोप नाही. पेपरात पंजाबातला गोळीबार, वाचवत नाही.

काय मागतायत? एक नारळ. आणि मी गेली वीस वर्षं गावोगाव काय सांगत फिरले? नारळ फोडू नका. देवळ्याला एका म्हाताऱ्याने माझं भाषण ऐकून देव्हारा घराबाहेर काढला, सगळा गाव त्याच्याशी भांडला, तो बधला नाही. त्याला कळेल. कळणारच, असल्या बातम्यांना पाय फुटतात. तो मला काय विचारेल?

आणि नाही फोडला तर. नाला आहे तसा. अशोक आहे तसा. आणि सगळे म्हणतील, बघा, बाईला बोलायलाच येतं.

गुरुवार, ७ जून

अशोक सकाळीच पोपटरावांकडे जाऊन आला. "मी फोडतो म्हटलं. ते म्हणाले, तू कशाला, तू काय बोलला नाहीस."

"तुला फोडू कोण देतंय? तूही दीक्षा घेतलेल्या घरातला."

"ताई, मी तीन वर्षं चपला काढतोय. तुला वाटतं तेव्हा माझं काही मोडलं नाही?"

आईला म्हटलं, तू सांग. छप्पन्न साली आईने स्वतःच्या हाताने घरातले देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले होते. सासूच्या हातचे, पितळेचे.

आई म्हणाली, "मी सोडले ते माझ्या मनाने. कुणी म्हटलं म्हणून नाही. तुला ते लोक म्हणतायत म्हणून करायचं असेल तर करू नको. मावशीसाठी करायचं असेल तर मला विचारू नको."

हे काय उत्तर झालं? आईला व्याख्यानमालेत बोलवायला पाहिजे. तिला कोण चिठ्ठ्या पाठवतं बघू.

संध्याकाळी हे.चा निरोप घेऊन नोकर आला. शनिवारी त्या आणि त्यांचा नवरा दोघं येणार. बाईंनी विचारलंय, नवऱ्याने नारळ फोडला तर चालेल का, टाकी त्याची आहे. हसावं का रडावं. नाही चालणार. विचारलं मी पोपटरावांना फोनवर. "गोऱ्या साहेबानं कुठं नाव ठिवलं? ते तर बिचारे बोलतच नाहीत."

शनिवार, ९ जून

सातपूरच्या स्टॉपवर बसून लिहितेय, पेन्सिलने. अशोक सायकलवर पुढे गेला. इस्त्रीचा शर्ट. जाताना म्हणाला, "तू जे करशील ते मला चालेल." खोटं बोलला. चांगलं खोटं बोलला.

लवकरची बस घेतली आणि आधी मावशीकडे गेले. मनात होतं की सगळं समजावून सांगावं. प्रतिज्ञा काय, तत्त्व काय, आज मी वाकले तर उद्या कोण कुणाला कशाला वाकवेल. मावशीने पण तेव्हा आमच्यासोबतच दीक्षा घेतली होती, तिला कळेल.

ती विहिरीवर होती. पोहरा वर येईपर्यंत मी अर्धं भाषण केलं. ओट्यावरच्या दोन बायका भांडी घासायच्या थांबल्या. मावशीने पाणी हंड्यात ओतलं, वरचा तवंग हाताने बाजूला केला, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "प्रमे, नारळ फोड नायतर नको फोडू, तुझं तू बघ. मला फकस्त एवढं सांग, कोणत्या वारापासून हे पाणी लेकरांना पाजू?"

मी म्हटलं, आज दुपारी परत येऊन वार सांगते.

कंपनीचं गेट इथून दिसतंय. मंडपाचं कापड लावलंय. भटजी स्कूटरवरून उतरतोय. पोपटराव मफलर सारखा करत गेटाबाहेर येऊन उभे राहिलेत, हात डोळ्यांवर धरून, या बाजूला बघतायत.